दोरी आबांच्या हातात होती

“अरे, तू आबाचा मुलगा ना? बरं झालं आलास. त्याला सांग, बी विंगची टाकी भरलीय. उद्या पाठवून दे.”

वाक्य जसंच्या तसं देतोय. त्यात एकही शिवी नाही. आवाज चढलेला नाही. बोलणारा माणूस हसत होता, आणि तेही मोकळं, घरच्यासारखं.

भाईंदर पूर्वेला नवघरातली एक मोठी सोसायटी. तिने गांडूळखताचा प्रकल्प सुरू केला होता, त्याची पत्रकार परिषद होती. बोलणारे सोसायटीचे चेअरमन. बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. आम्ही पाच वार्ताहर एका ओळीत खुर्च्यांवर बसलो होतो. मी तेवीस वर्षांचा, एका मराठी दैनिकाचा भाईंदरचा वार्ताहर. सात महिन्यांचा अनुभव. खिशात कार्ड, अंगात इस्त्रीचा शर्ट.

चेअरमन ओळीने हात मिळवत आले. चौघांशी मिळवला. पाचवा मी. त्यांचा हात निम्म्यापर्यंत आला, तेवढ्यात त्यांनी मला ओळखलं. हात तिथून वळला आणि चष्म्याकडे गेला. त्यांनी चष्मा नीट केला आणि ते वाक्य म्हणाले.

मी म्हणालो, “सांगतो, काका.”

शेजारचा वार्ताहर माझ्या कानाशी आला. “अरे वा, तुझं तर इथे येणंजाणं दिसतंय!”

शेवटी सगळ्यांना एकेक फाइल आणि पेन मिळालं. वाटणारा माझ्यासमोर थांबला तर चेअरमन म्हणाले, “त्याला राहू दे, तो आपलाच आहे.”

मी घरी गेलो. आबांना निरोप दिला. आबा दुसऱ्या दिवशी गेले आणि बी विंगची टाकी उपसून आले. मी गांडूळखताची बातमी दिली. ती छापून आली. चेअरमनांचं नाव मी अचूक लिहिलं होतं.

अपमान म्हणून मी बरीच वर्षं एवढंच आठवत होतो. तो हात, ते पेन. खरा अपमान पुढे पाच महिन्यांनी झाला. तो माझा नव्हता. तो मी केला.

आबा, म्हणजे माझे वडील, सोसायट्यांच्या संडासाच्या टाक्या उपसायचे. आमच्या जातीला हेच काम मिळायचं आणि आमच्या जातीशिवाय ते कोणी करत नव्हतं. त्यांचा जोडीदार किसनकाका. वस्तीत आमच्या घराला लागून त्याचं घर. काम दोघांचं असतं. एक खाली उतरतो, दुसरा वर दोरी धरतो. खालून एक हिसका आला की बादली वर घ्यायची. दोन हिसके आले की माणूस वर घ्यायचा. एका टाकीला एक खाली, पुढच्या टाकीला दुसरा. पाळी कधी चुकवायची नाही, यावरून त्यांची भांडणंही व्हायची. “आज तुझी पाळी हाय, सर्दी झाली म्हनू नको,” असं किसनकाका आबांना म्हणायचा.

त्यांचा एक नियम होता. टाकीचं झाकण आदल्या दिवशी उघडायचं आणि तसंच उघडं ठेवायचं. आतला वायू निघून जायला तेवढा वेळ लागतो. आबा म्हणायचे, “टाकीला आधी श्वास घेऊ द्यायचा. मग आपन घ्यायचा.” त्या एका नियमावर दोघं इतकी वर्षं जिवंत होते.

टाकीजवळ मला कधी येऊ दिलं नाही. एकदाच बोलावलं, मी सातवीत असताना. चेअरमनांच्या त्याच सोसायटीत बी विंगच्या टाकीचं झाकण तुटलं होतं, मीरा रोडला हाटकेशच्या एका वेल्डिंगच्या गाळ्यात नवीन करून घ्यायचं होतं आणि माप लिहून न्यायचं होतं. मापाचं काम माझं. मी शाळेच्या पट्टीने तोंड मोजलं. अठरा इंच लांब, अठरा इंच रुंद. मी विचारलं, “आबा, एवढ्याशातून तुम्ही जाता कसे?” किसनकाकाने दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे धरले, खांदे आवळले आणि म्हणाला, “असं. देवाला हात जोडल्यावानी.” मग माझ्याकडे बघून हसला. “तू नगं शिकू हे. तू तुझं पेन धर.”

पुढे मी वार्ताहर झालो तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला. वस्तीत त्याने माझं नावच पेपरवाला ठेवलं.

आता ती सकाळ. मी तिथे नव्हतो. जे सांगतोय ते आबांकडून कळलेलं आहे. त्यांनी ते एकदाच सांगितलं, पण पूर्ण सांगितलं.

त्याच सोसायटीत सत्यनारायणाची पूजा होती. बी विंगची टाकी तुंबली आणि पाणी थेट मांडवाच्या वाटेवर आलं. चेअरमनांनी आदल्या दिवशी दुपारी आबांना बोलावलं. आबा म्हणाले, आत्ता झाकण उघडून ठेवतो, उद्या सकाळी उपसतो. चेअरमन म्हणाले, “नाही नाही. रात्रभर वास मारेल. घरोघरी पाहुणे आहेत. सकाळी नऊला उघडा आणि अकराच्या आत बंद करा.” आबांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तर काम दुसऱ्याला जाईल, हे त्यांना माहीत होतं.

सकाळी नऊला झाकण उघडलं. पाळी किसनकाकाची. सव्वानऊला तो हात वर करून उतरला. दोरी आबांच्या हातात होती. एक हिसका आला नाही. दोन आले नाहीत. दोरी सैल पडली. आबांनी हाका मारल्या आणि जिवाच्या आकांताने ओढलं. पण शुद्ध हरपलेला माणूस हात वर धरत नाही. तो त्या तोंडातून बाहेर येत नाही. अग्निशमनवाल्यांनी कडा फोडून त्याला काढलं तेव्हा मांडवात आरती संपत आली होती.

दुपारी साडेतीनला दैनिकाच्या डेस्कवरून मला निरोप आला. भाईंदरला टाकीत एक मजूर गेलाय, चार ओळी पाठव. सोबत चेअरमनांचा फोन नंबर. मी स्टेशनसमोरच्या बूथवरून फोन लावला.

“हां, बोला साहेब,” चेअरमन म्हणाले. मी नाव सांगितलं. मग, “हो, हो. तुम्ही. बघा, तुम्ही जबाबदार पत्रकार आहात, तुम्हाला काय सांगायचं. फार वाईट झालं. टाकीजवळ उभा होता, पाय घसरून आत पडला. बहुधा प्यायलेला असावा. सोसायटीचं नाव मात्र येऊ देऊ नका, आज पूजा आहे.”

तुम्ही. साहेब. जबाबदार पत्रकार.

मी मृताचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. माझ्या हातात रिसीव्हर होता, आणि मी कागदावर ते नाव लिहिलं. किसनकाकाचं पूर्ण नाव मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

घर तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. बातमी सहापर्यंत द्यायची होती, म्हणजे अडीच तास हातात होते. वेळ नव्हता असं मी म्हणू शकत नाही. गेलो असतो तर आबा भेटले असते. आबांनी सांगितलं असतं तर लिहावं लागलं असतं. लिहिलं असतं तर डेस्कने विचारलं असतं, कोण म्हणतंय? माझे वडील. ते तिथे काय करत होते? या शेवटच्या प्रश्नापर्यंत मला जायचं नव्हतं. कार्यालयात कोणाला माहीत नव्हतं.

मी लिहिलं : “येथील एका सोसायटीच्या आवारातील टाकीत पाय घसरून पडल्याने एका मजुराचा मृत्यू झाला. मृताचे वय ४१ असून, घटनेची अकस्मात मृत्यू अशी नोंद करण्यात आली आहे.” आणि मधे त्याचं नाव.

वय मी दोनदा तपासलं. आडनाव तपासलं. ‘प्यायलेला असावा’ हे मी लिहिलं नाही, कारण त्याला पुरावा नव्हता. त्या रात्री मला वाटलं होतं की मी प्रामाणिक वागलो.

सकाळी आबा पेपर घेऊन बसले. त्यांना वाचता येत नव्हतं. तळहात दोरीने सोलले होते, त्यावर हळद बांधलेली. म्हणाले, “किसनचं आलंय का? वाच.”

मी वाचलं.

“परत वाच.”

मी परत वाचलं.

“घसरला?” आबा म्हणाले. “दोरी मी धरली व्हती. घसरनाऱ्याला कोन दोरी बांधतं रं?”

मी म्हणालो, “पेपरात असंच लिहितात, आबा.”

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. झाकण, पूजा, नऊ वाजता, सव्वानऊ. सांगून झाल्यावर पेपराची घडी केली आणि बाजूला ठेवली. त्यानंतर ते बावीस वर्षं जगले. मला पुन्हा कधी काही वाचून दाखवायला सांगितलं नाही.

बातमीतल्या ‘पाय घसरून’ या दोन शब्दांनी काय केलं, ते पुढच्या महिन्यात दिसलं. सकाळी नऊला धडधाकट माणूस टाकीत घसरतो कसा? प्यायला असणार. मी न लिहिलेलं लोकांनी वाचलं. किसनकाकाच्या बायकोला, शेवंताकाकीला, नळावर बायका विचारू लागल्या, “पीत व्हता व्हय गं?” त्याने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

मी पुढे गेलो. दैनिकात अकरा वर्षं काढली. आकड्यांचा माणूस म्हणून नाव झालं. एका इमारतीत मंजूर मजल्यांपेक्षा तीन मजले जास्त आहेत हे मी विजेचे मीटर मोजून काढलं होतं. एका शाळेत हजेरीपटावर जेवढी मुलं, तेवढी बाकं नाहीत, हे बाकं मोजून लिहिलं. संपादक इतरांना माझं उदाहरण द्यायचे. मी पाण्यावर लिहिलं, बोगस डॉक्टरांवर लिहिलं, रेतीवर लिहिलं. टाक्यांवर कधीच लिहिलं नाही. त्या अकरा वर्षांत मीरा-भाईंदरमध्ये टाकीत माणूस गेल्याची बातमी आली की मी ती दुसऱ्या वार्ताहराकडे द्यायचो. तोही लिहायचा, पाय घसरून.

नंतर एका मराठी वाहिनीच्या शोधपत्रकारितेच्या विभागात लागलो. सहा वर्षं. चांगलं चाललं होतं. तिथे एकदा मी धीर करून विषय मांडला : सोसायट्यांच्या टाक्यांमधले मृत्यू. अपघात म्हणून नोंदले गेलेले, पण अपघात नसलेले. मीटिंगमध्ये मी बोलतच सुटलो. टाकीचं तोंड केवढं, आत वायू कसा साचतो, झाकण किती आधी उघडावं, दोरीचे हिसके किती.

संपादक पुढे वाकले. “तुला एवढं डिटेल कसं माहीत?”

“माहिती काढलीय, सर.”

आमच्याच भाईंदरचा एक कॅमेरामन तिथे बसला होता. तो म्हणाला, “सर, याच्या घरातलंच आहे ते.” त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला वाटलं, मदत करतोय.

संपादकांचा चेहरा खुलला. मी तो चेहरा विसरू शकत नाही. खरोखर आनंद झालेला चेहरा.

“अरे मग तूच उतर! कमरेला दोरी, कॉलरला माइक, डोक्यावर कॅमेरा. सेफ्टी सगळी देतो, डॉक्टर उभा करतो. दुसरा कोणी रिपोर्टर उतरला तर नाटक वाटेल. तू उतरलास की लोकांना खरं वाटेल.”

टेबलाभोवती नऊ माणसं होती. दोघांनी मान हलवली. एकीने वहीत लिहून घेतलं. सगळे शिकलेले, सगळे भल्या विचारांचे. अन्यायाविरुद्धच कार्यक्रम करत होतो आम्ही. आणि त्या अन्यायाविरुद्धच्या कार्यक्रमात मी कुठे असायला हवा, याबद्दल नऊ जणांत मतभेद नव्हता. खाली.

माझ्या तोंडून आलं, “सर, मला दम्याचा त्रास आहे.”

मला दमा नाही. कधीच नव्हता.

मी उतरलो नाही, हे खरं. पण खोटं कारण देऊन सुटलो. त्याला नकार म्हणत नाहीत. विषय बारगळला. सहा महिन्यांनी मला पडद्याखालच्या पट्टीवरच्या मथळ्यांचं काम दिलं. वर्षाने मी राजीनामा दिला.

त्यानंतर शिकवायला लागलो. मीरा रोडच्या एका कॉलेजात पत्रकारितेच्या वर्गाला आठवड्यातून चार तास. विषय, शोधपत्रकारिता. पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच प्रश्न लिहायचो : तुम्हाला हे कोणी सांगितलं? मुलांना म्हणायचो, बातमीतल्या प्रत्येक शब्दाखाली हा प्रश्न ठेवा. ज्या शब्दाचं उत्तर देता येत नाही, तो शब्द काढा. मुलं लिहून घ्यायची. तेरा वर्षं लिहून घेतलं त्यांनी.

मागच्या वर्षी शेवंताकाकी घरी आली. पासष्टी ओलांडलेली. जुनी वस्ती पाडली तेव्हापासून ती मुलीकडे राहते. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण ती तीन जिने चढून आली. लिफ्टमध्ये आपल्याला कोणी काही बोलेल, अशी तिची समजूत.

एका संघटनेने टाकीतल्या जुन्या मृत्यूंच्या भरपाईचे अर्ज भरायला घेतले होते. काकीनेही भरला. चौकशी लागली. सोसायटीच्या वकिलाने उत्तर दिलं होतं, त्याचे कागद तिने पिशवीतून काढले. पाचव्या पानावर माझी बातमी होती. पिवळी पडलेली, झेरॉक्स केलेली. त्या दिवसाचा दुसरा कुठलाच कागद उरलेला नव्हता. सोसायटी म्हणत होती, आम्ही कोणाला उतरवलंच नाही, हे बघा, तेव्हाच्या पेपरात स्पष्ट छापलंय.

“ह्ये कोनी लिवलंय म्हाईत न्हाई,” काकी म्हणाली. “पर तू त्याच पेपरात व्हतास. तुला घावंल का तो मानूस?”

एकोणतीस वर्षं तिला माहीत नव्हतं. आबांनी सांगितलं नव्हतं.

“मीच तो, काकी,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या शिव्यांची वाट पाहत होतो. ती म्हणाली, “बरं झालं. म्हंजी शोधाया नगं.” मग म्हणाली, “पैशाचं मिळंल न मिळंल. माझ्या नातवंडांस्नी लोक सांगत्यात, तुमचा आजा पिऊन टाकीत पडला. तेवढं पुसून दे, पेपरवाल्या.”

पेपरवाल्या. मला हे नाव ज्याने दिलं तो गेल्यावर मला तसं कोणी म्हटलं नव्हतं.

ती गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. बहात्तर फ्लॅट. माझे वडील कोण होते, हे बहात्तरांपैकी एकालाही ठाऊक नाही. मुलीचं लग्न ठरत आलंय.

“तू जाणार,” बायको म्हणाली.

“बघतो.”

“बघतो काय? तुझं तोंड सांगतंय. मी अडवत नाही. पण एक लक्षात ठेव. उद्या खालच्या ग्रुपवर हे आलं की पहिला फोन मला येणार आहे, तुला नाही. तुझं काय, तू बाहेर असतोस.”

तिचं खरं होतं.

चौकशीच्या दिवशी खोलीत आठ जण होते. चौकशी अधिकारी एक बाई आणि त्यांचा टायपिस्ट. वकील. शेवंताकाकी आणि तिची मुलगी. संघटनेचा माणूस. मी. आणि भिंतीला टेकलेल्या खुर्चीत जुने चेअरमन. नव्वदीचे, हातात काठी. त्यांनी मला ओळखलं नाही.

वकिलाने बातमी पुढे केली. “ही तुम्ही लिहिलीत?”

“हो.”

“तुम्ही घटनास्थळी गेला होतात?”

“नाही.”

“मग आज एकोणतीस वर्षांनी कशाच्या आधारावर म्हणता की तो घसरला नव्हता?”

“टाकीचं तोंड अठरा इंच होतं. दोन्ही हात वर केल्याशिवाय माणूस त्यातून जात नाही. पाय घसरलेला माणूस हात वर करून, खांदे आवळून पडत नाही.”

“माप तुम्हाला कोणी सांगितलं?”

माझाच प्रश्न. फळ्यावरचा. बाई माझ्याकडे बघत होत्या. टायपिस्टचे हात थांबले होते. मला वाटलं, अजूनही म्हणता येईल, माहिती काढलीय.

“त्या टाकीचं तोंड मी सातवीत असताना स्वतः मोजलं आहे. माझे वडील टाक्या उपसायचे. या सोसायटीच्यासुद्धा. त्या सकाळी किसनकाकाची दोरी त्यांच्या हातात होती. झाकण आदल्या दिवशी उघडं ठेवू द्या, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. वासामुळे नाही म्हटलं गेलं. हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं.”

“दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला खरं कळलं होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही बातमी दुरुस्त केली नाहीत?”

“नाही.”

“म्हणजे एक तर तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत, किंवा आज खोटं बोलताय.”

“तेव्हा लिहिलं. लिहून घ्या. ती बातमी खोटी आहे, आणि ती मी लिहिली, कारण माझ्या बापाचं काम सांगायची मला लाज वाटत होती.”

टायपिस्टने ते टाइप केलं. शेवंताकाकी खाली मान घालून बसली होती. तिने वर बघितलं नाही.

बाहेर पॅसेजमध्ये चेअरमन काठी टेकत माझ्याजवळ आले. आता त्यांनी ओळखलं होतं. “एवढा शिकलास,” ते म्हणाले. आवाज तोच, घरगुती. “टीव्हीवर होतास. मुलंबाळं आहेत. कशाला स्वतःची अशी शोभा करून घेतलीस? कोण विचारत होतं तुला?”

“कोणीच विचारत नव्हतं,” मी म्हणालो. “तेच चुकलं.”

ते काही तरी पुटपुटले आणि निघून गेले.

हे वाचणाऱ्याला वाटेल की मग मला हलकं वाटलं असेल. नाही वाटलं. निकाल लागलेला नाही. पुढची तारीख पडली आहे. वकिलाचं म्हणणं लेखी आलंय की स्वतःच खोटं लिहिल्याचं कबूल करणाऱ्या साक्षीदाराच्या शब्दाला किंमत नाही. त्याचा मुद्दा मला चुकीचा वाटत नाही. मी वर्गात तेच शिकवलं असतं. आबांना मी त्यांच्या हयातीत साक्षीला नेऊ शकलो असतो. बावीस वर्षं होती. नेलं नाही. त्यांचे तळहात तेव्हा पुरावा होते. ते आता राख आहेत.

कॉलेजाने कळवलं की पुढच्या सत्रात माझे तास नसतील. प्राचार्यांनी फोनवर नीट बोलून सांगितलं, “सर, विश्वासार्हतेचा प्रश्न आहे, समजून घ्या.” मी समजून घेतलं. बिल्डिंगच्या ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. फक्त वार्षिक सभेत, मी सेक्रेटरी असताना, सेक्रेटरी निवडायचा विषय आला. मला कोणी हटवलं नाही. कोणी सुचवलंही नाही. बायकोला फोन आले की नाही ते ती सांगत नाही. मुलीचं लग्न मोडलेलं नाही, पण तारीखही ठरलेली नाही.

आता वेळ आहे. माझ्या सगळ्या बातम्यांची कात्रणं मी ठेवलेली आहेत, वर्षवार. गेले तीन महिने मी ती वाचतोय. किसनकाकाची बातमी एकटी आहे, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. ती एकटी नाही. किरकोळ कारणावरून. घरगुती वादातून. स्टोव्हचा भडका उडून. विजेच्या तारेला चुकून हात लागल्याने. हे शब्द मला कोणी सांगितले, ते मी प्रत्येक कात्रणाच्या समासात पेन्सिलने लिहिलं. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच : मालकाने, फोनवर. चोवीस मृत्यू असे निघाले की ज्यांच्या घरी मी गेलोच नव्हतो. चोवीस हा आकडा मी तीन वेळा मोजला आहे.

चोवीसही घरी जाणार. काही घरं पाडली गेली असतील, माणसं विरारला गेली असतील, काही जण दार लावून घेतील. काही मारतीलही. ज्यांना मारायचंय त्यांनी मारावं. ज्यांना सांगायचंय ते मी लिहून घेईन, त्यांच्या शब्दांत, आणि खाली लिहीन की आधीचं खोटं माझं होतं. छापायला कोणी तयार नाही. मी स्वतः छापेन. तेही नाही जमलं तर झेरॉक्स काढून वाटेन.

पहिलं घर उत्तनला आहे. बोटीवर खलाशी होता तो. बातमी अशी आहे : “तोल जाऊन समुद्रात पडल्याने.” सांगणारा बोटमालक, फोनवर. परवा तिथल्या एका ओळखीच्याकडून निरोप पाठवला, त्याची बहीण अजून आहे का. ती म्हणाली म्हणे, “हाय मी. न्हाय मेले अजून. येऊंदे त्याला.”

उद्या सकाळी दहाची बस आहे. दारात उभं राहून काय बोलायचं ते ठरवलंय. बसायच्या आधी बोलणार, पाणी घ्यायच्या आधी बोलणार : “तुमच्या भावाची बातमी मी लिहिली होती. तेव्हा मी इथे आलो नव्हतो.”